रिटर्न सप्लाय

दुपारी बाराच्या सुमाराला शेडमधले पंखे थांबले. आधी त्यांचा आवाज गेला, मग पाती दिसायला लागली, आणि मग पक्ष्यांची धाप ऐकू येऊ लागली. दीड हजार कोंबड्या एकदम चोची उघडून श्वास घ्यायला लागल्या की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज होतो. शेठाणीनं हातातलं घमेलं तिथंच टाकलं आणि बाहेर येऊन छपराकडे पाहिलं. सहा दिवसांपूर्वी बसवलेली बारा सौर पॅनेलं उन्हात नुसती लखलखत होती.

"अहो, ऊन तर आहे!" ती ओरडली. "मग पंखे का बंद?"

शेठ भिंतीवरच्या इन्व्हर्टरपुढे उभा होता. त्यावरचा हिरवा दिवा लाल झाला होता. त्यानं एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग तळहातानं यंत्राला थापटी मारली. लाल दिवा लालच राहिला.

शेठ आणि शेठाणी ही नावं गावानं थट्टेनं ठेवलेली. कोंबड्या पाळतो म्हणून तो कोंबडीशेठ, आणि त्याची बायको म्हणून ती शेठाणी. दोघंही पहाटेपासून कोंबड्यांखालचं तूस हलवायची, पाण्याची भांडी धुवायची, मेलेले पक्षी उचलून चुन्याच्या खड्ड्यात टाकायची. तिच्या केसांना वास यायचा, तो कितीही न्हायली तरी जायचा नाही. पण नाव शेठाणी.

त्या दुपारी लाइन पन्नास मिनिटं गेली होती. दोघांनी बादल्या भरभरून गोणपाटाच्या पडद्यांवर मारल्या. पक्ष्यांवर पाणी शिंपडलं. सासू दाराशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती, दीड हजारांना एका पुठ्ठ्यानं. पाच आठवड्यांचे, विकायला आलेले जड पक्षी. ते पंख पसरून, मान पुढे टाकून बसले आणि त्यातले काही परत उठले नाहीत. लाइन आली तेव्हा शेठाणीनं मेलेले मोजले. त्रेसष्ट.

"काच बसवली काच," सासू म्हणाली. "तोंड बघा आता त्यात."

संध्याकाळी वायरमन आला. उंच, बारीक, लांब पायांचा. खांबावर एक पाय दुमडून उभा राहायचा म्हणून त्याला गाव पाठीमागे बगळा म्हणायचं. ही योजना त्यानंच त्यांना सांगितली होती. छपरावर पॅनेल बसवा, खर्चातला मोठा हिस्सा वीज कंपनी परत देईल. वापरून उरलेली वीज कंपनी विकत घेईल. आणि उन्हाळा संपायच्या आत जो जोडून घेईल त्याला वर बक्षीस. फॉर्म त्यानंच भरून दिला. सगळ्या वायरी दोनदा तपासून पहिल्या तपासणीवर सहीही त्यानंच केली होती. तीन महिन्यांनी दुसरी तपासणी, की पैसे खात्यात. एवढ्या भरवशावर शेठनं मोटरसायकल विकली होती आणि आता फीडच्या गोण्या सायकलवर आणत होता.

"लाइन गेली की तुमचं यंत्र बंदच पडणार, शेठ," वायरमन म्हणाला. "तसंच बनवलंय ते."

"ऊन असलं तरी?"

"ऊन असलं तरी. समजा मी लाइन बंद करून खांबावर चढलोय. आणि तुमच्या छपरावरून वीज उलटी तारेवर आली. रिटर्न सप्लाय म्हणतात त्याला. मग मी तिथंच चिकटणार. म्हणून यंत्र आधी बघतं, लाइन जिवंत आहे का. नसेल तर आपणही गप्प."

"म्हणजे तुझ्यासाठी माझ्या कोंबड्या मरायच्या," शेठ म्हणाला. हसत म्हणाला, पण हसण्यात काही नव्हतं.

"माझ्यासाठीच," वायरमननं चहाचा कप खाली ठेवला. "बॅटरीचं दुसरं यंत्र येतं, पण ते योजनेत बसत नाही. आणि हे बघा, जोडणीला कुणाला हात लावू देऊ नका. छेडछाड निघाली तर अनुदान रद्द. सही माझी आहे."

पुढच्या दहा दिवसांत लाइन चार वेळा गेली. प्रत्येक वेळी भर दुपारी, कारण सगळ्या तालुक्याचे पंखे तेव्हाच फिरत होते. एकोणीस, चौतीस, बारा, एकेचाळीस. खड्डा भरत आला. शेठ जेवताना मध्येच मान वर करून पंख्यांचा आवाज ऐकायचा. शेठाणीचंही तसंच झालं होतं. नदीवर गेली तरी कान शेडकडे.

मग एक दिवस शेठ बाजारच्या गावाहून एका फिटरला घेऊन आला. गुटगुटीत, सदा हसरा माणूस. त्यानं एक जुनी बॅटरी आणि बुटांच्या खोक्याएवढं एक यंत्र आणलं होतं.

"हे खोकं तुमच्या इन्व्हर्टरला फसवतं," तो म्हणाला. "लाइन आहे असं सांगतं. तो बिचारा खरं मानतो आणि कामाला लागतो."

"आणि ती उलटी वीज?" शेठाणीनं विचारलं.

फिटरनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हुशार आहेत हो वहिनी. त्यासाठी मेन स्विच. आधी मेनचा दांडा खाली, मग खोकं चालू. दांडा खाली असला की शेडचा आणि तारेचा संबंध तुटला. एवढं ध्यानात ठेवलं की झालं."

"आणि नाही राहिलं तर?"

"अगं, राहील," शेठ म्हणाला. "आपण काय लहान आहोत?"

खोकं त्यांनी फीडच्या रिकाम्या गोण्यांमागे लपवलं. शेठनं तिला चार वेळा करून दाखवलं. दांडा खाली, खोकं चालू. लाइन आली की खोकं बंद, दांडा वर. तिनं चार वेळा करून दाखवलं. पाचव्या वेळी तिच्या हाताला घाम सुटला.

"मी नाही करणार. तुम्हीच करा."

"मी घरात नसलो तर?"

"तर मी पाणी मारीन."

पण खोक्यानं काम केलं, हे तिलाही कबूल करावं लागलं. पुढच्या वेळी लाइन गेली तेव्हा शेठनं दांडा पाडला, खोकं लावलं आणि पंखे पुन्हा घुमायला लागले. पक्ष्यांनी पंख मिटले. एकही मेला नाही. शेठ शेडच्या मध्ये उभा राहून वारा खात होता, डोळे मिटून. त्याच्या चेहऱ्यावरचं ते सुख पाहून तिला बोलवेना.

नवा लॉट आला. पिल्लं मोठी झाली. ऊन काही कमी होईना.

त्या गुरुवारी शेठ सायकल घेऊन फीड आणायला गेला होता. सकाळपासून गरम वारा सुटला होता. साडेअकराला लाइन गेली. शेठाणीनं बादली उचलली आणि पडदे भिजवायला सुरुवात केली. विहिरीवरून शेड, शेडवरून विहीर. वारा पडदे भिजवायच्या आधीच वाळवत होता. पंधरा मिनिटांत तिच्या हातांना गोळे आले. मग आतून सासूची हाक आली.

"अगं, कोपऱ्यात ढीग झालाय! चेंगरतायत!"

घाबरले की पक्षी एकावर एक चढतात आणि खालचे गुदमरतात. शेठाणी आत धावली. कोपऱ्यात गुडघ्याएवढा पांढरा ढीग हलत होता. तिनं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा गोण्यांकडे. मग गोण्या बाजूला लोटल्या आणि खोकं चालू केलं. इन्व्हर्टर क्षणभर गप्प राहिला. मग हिरवा दिवा लागला, पंखे फिरले. ती ढिगात शिरली आणि दोन्ही हातांनी पक्षी उचलून लांब फेकू लागली. पाच मेलेले निघाले. बाकीचे उभे राहिले, लटपटत, पण राहिले.

ती घमेल्यात ते पाच पक्षी घेऊन खड्ड्याकडे निघाली. खड्डा शेताच्या बांधाला होता. चुना टाकून तिनं मान वर केली आणि दोन शेतं पलीकडे, शेवटच्या खांबावर, तिला माणूस दिसला.

उंच, बारीक. एक पाय दुमडलेला.

तारेवर बाभळीची फांदी पडली होती. ती काढायला त्यानंच लाइन बंद केली होती. एरवी तो येताना रस्त्यावरून हाक मारायचा, शेठ, लाइन बंद करतोय हो. आज तो पलीकडच्या ओढ्याकडून आला होता. शेठला फोन केलाही असेल, पण शेठचा फोन शेठकडे. त्या फांदीपुढे तारेवर एकच घर होतं, तिचं.

दांडा मी खाली केला का?

तिला आठवेना. सासूची हाक आठवली, ढीग आठवला, गोण्या लोटल्या ते आठवलं. हिरवा दिवा आठवला. दांड्याचं थंड लोखंड हाताला लागलं होतं का? तिनं आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला. हाताला चुना होता आणि पिसं.

"वायरमन!" ती ओरडली. "अहो वायरमनभाऊ!" वारा तिच्या तोंडावर येत होता. आवाज तिच्याच मागे गेला.

खांबाकडे धावावं की शेडकडे? खांब दोन शेतं लांब. शेड एक शेत. ती शेडकडे वळली. चप्पल तुटली, तिनं ती तिथंच सोडली. ढेकळं तापलेली, पायाला चटके बसत होते, पण ते तिला नंतर कळलं. अर्ध्या वाटेवर तिला शेडच्या आत मेनचा डबा दिसला. दार उघडं, उन्हाची तिरीप बरोबर त्यावर. दांडा वर होता.

तेवढ्यात मागे फाट्दिशी आवाज झाला. फटाक्यासारखा नाही, कुणीतरी ओली चादर खडकावर आपटावी तसा. पुढे शेडमधले पंखे थांबत गेले.

तिचे पाय थांबले. मागे वळून पाहायचं होतं, पण मान वळेना. पायाखालची ढेकळं तिला दिसत होती, एकावरची मुंगी दिसत होती. "देवा, नको," एवढंच ती म्हणाली, तेही मोठ्यानं नाही. मग ती आत गेली, दांडा खाली ओढला, खोक्याची वायर उपटली आणि परत निघाली. आता धावत नव्हती. धावून लवकर पोचलं तर लवकर बघावं लागणार होतं.

वायरमन खांबावरून उतरून बुडाशी बसला होता. पाय लांब केलेले, टोपी बाजूला पडलेली. डोळे उघडे. ते हलले तेव्हा तिला कळलं की तो जिवंत आहे. तिनं त्याची टोपी उचलली.

वर तारांवर लोखंडी साखळी लोंबत होती. तिची दोन कडी काळी पडली होती.

"पाणी आहे का, वहिनी?" तो म्हणाला.

तिनं त्याला शेडपर्यंत आणलं. तांब्या त्याच्या हातात दिला तर पाणी हिंदकळून शर्टावर सांडलं. तिनं तांब्या धरला, तो प्यायला, लहान मुलासारखा.

"काम सुरू करायच्या आधी तारांवर साखळी टाकायची असते," तो बाहीनं तोंड पुसत म्हणाला. "चुकून कुठून वीज आली तर ती साखळीतून जमिनीत जाते. नियम आहे. आज टाकली मी. रोज टाकत नाही, वहिनी. घाईत असलो की टाकत नाही. बावीस वर्षं झाली. आज का टाकली, माहीत नाही."

त्यानं उठून गोण्या बाजूला केल्या. खोकं पाहिलं, बॅटरी पाहिली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कधीपासून?"

"दीड महिना."

त्यानं वायरी सोडवल्या, पहिल्यासारख्या जोडल्या. एक स्क्रू त्याच्या हातून तीनदा पडला. तिनं तो तीनदा उचलून दिला. मग खोकं त्यानं आपल्या पिशवीत घातलं.

"साहेबांना सांगणार?" तिनं विचारलं.

"काय सांगू? तपासणीवर सही माझी आहे." तो दारात थांबला. "कुणाला बोलू नका. शेठलाही सांगा, बोलू नको म्हणावं."

शेठ दोन गोण्या घेऊन आला तेव्हा त्यानं सगळं उभ्या उभ्याच ऐकलं. सायकल हातातून सुटून गोणी फुटली, फीड मातीत सांडलं. तो बसून ओंजळीनं ते भरायला लागला, मातीसकट.

"जिवंत आहे ना?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"आहे."

"लागलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं," तो म्हणाला. पण ओंजळ भरायचा थांबला होता.

झालं नव्हतं. रस्त्यावर गाडी वाजली की दोघंही कामात थांबायची. सायकलवरून टपालवाला आला तरी शेठाणी फाटकाशी धावायची. पत्र कुणाचं आहे हे कळेपर्यंत ती तिथून हलायची नाही. दुसऱ्या तपासणीला महिना राहिला होता. छेडछाड निघाली तर अनुदान जाणार, वर दंड, कदाचित पोलीस. शेठ सगळं मनात धरून होता, तिला सांगत नव्हता. ती मनात वेगळंच धरून होती. कुठलाही स्विच दाबायचा झाला की तिला ती ओली चादर आपटल्याचा आवाज ऐकू यायचा. शेवटी ती सासूला म्हणायची, आई, जरा दिवा लावा.

"तुझ्या हाताला काय झालंय?" सासूनं एकदा विचारलंच.

"काही नाही. ओला आहे."

तीन आठवड्यांनी ती पक्ष्यांचं औषध आणायला बाजारात गेली. चौकात गर्दी होती. शिंप्याच्या दुकानापुढच्या खांबावर तार तुटली होती आणि सकाळपासून अर्धा बाजार बंद होता. खांबाच्या बुडाशी वायरमन उभा होता. पट्टा बांधलेला, साखळी खांद्यावर. लाइन बंद करून झाली होती. लोक वाट बघत होते.

तो तीन पायऱ्या चढला. थांबला. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, तशी कुणी खांबाला मारत नाही. त्याच्या शर्टाची पाठ काळीभोर भिजली होती. मग एक पाय खाली चाचपत, दुसरा चाचपत, तो उतरला.

"वारा आहे," तो म्हणाला.

पानही हलत नव्हतं.

"बगळा आज पाण्यात उतरेना!" शिंपी म्हणाला आणि लोक हसले. "पगार घेताना बरा चढतोस रे!" दुसरा कुणीतरी म्हणाला.

"तिसरी वेळ आहे," औषधवाला शेठाणीला पुडा देता देता म्हणाला. "परवा शिडी खराब होती म्हणे. त्याआधी कंबर दुखत होती. ऑफिसातून मेमो मिळालाय. कामचुकारपणा म्हणून काढतील आता. बावीस वर्षं चांगला होता, म्हातारपणी काय झालं कोण जाणे."

वायरमननं मान वर केली आणि गर्दीत त्याला शेठाणी दिसली. ती पाहतेय हे कळताच त्यानं नजर काढून घेतली. आपणच काही चोरलंय, अशा रीतीनं. ते तिला सहन झालं नाही. शिंप्याचे शब्द ऐकूनही तो बोलला नव्हता. बोलला असता तर तिचं अनुदान गेलं असतं.

जेवायच्या वेळी तिनं विषय काढला.

"मी ऑफिसात जाऊन सांगते."

शेठनं ताट सरकवलं. "डोकं फिरलंय का? दहा दिवस राहिलेत तपासणीला. दहा दिवस तोंड मिटून बस."

"तो चढताना पडला तर?"

"चढतच नाही तर पडेल कसा?"

म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. त्यानं ताट पुन्हा पुढे ओढलं.

"मोटरसायकल गेली," तो हळू म्हणाला. "माझे गुडघे गेले. आता हेही गेलं तर आपण काय करायचं, सांग ना. मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण माझी भीती दांड्यापाशी आहे. ती पैसे आले तरी जायची नाही."

सकाळी तूस हलवून, पाणी भरून, न्हाऊन ती चालत निघाली. ऑफिसात तिला बाकावर दोन तास बसवलं. तिथला क्लार्क एकदा नाकाला रुमाल लावून आला आणि तिच्या मागची खिडकी उघडून गेला. ती बाकाच्या अगदी कडेला सरकली. आत बोलावलं तेव्हा टेबलामागे एक तरुण इंजिनिअर बाई होत्या, चष्मा कपाळावर. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते.

शेठाणीनं उभ्यानंच सांगितलं. घरून पाठ करून आलेली चार वाक्यं पहिल्या वाक्यालाच विसरली, म्हणून जसं घडलं तसंच सांगितलं. ढीग, खोकं, दांडा, साखळी. मॅडमनी लिहायला घेतलं.

"चालू कुणी केलं?"

"मी."

"आणि जोडलं कुणी?"

टेबलावरच्या काचेत तिला आपलं तोंड दिसत होतं.

"मी जोडून घेतलं," दारातून आवाज आला. शेठ उभा होता. शर्टावर फीडची पूड, घामानं तिचा चिखल झालेला. तो सायकल दामटत आला होता आणि धापा टाकत होता. "तिनं नको म्हटलं होतं. मीच करायला लावलं. काय असेल ते माझ्या नावावर लिहा."

"माझ्याही," शेठाणी म्हणाली.

मॅडमनी पेन थांबवलं. "अनुदान जाईल. बक्षीसही. कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि वायरमननं हे लपवलं. त्याच्यावरही कारवाई होईल."

शेठाणीनं टेबलाची कड धरली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. आपण त्याला सोडवायला आलो आणि त्याला बांधूनच दिला, असं तिला वाटलं. "मॅडम, त्यांनी काही केलं नाही हो. त्यांनी त्याच दिवशी सगळं काढून टाकलं. ते आता खांबावर चढू शकत नाहीत, ते कामचुकार नाहीत, ते घाबरलेत. मी बघितलंय. एवढं तरी लिहा. घाबरलेत असं लिहा."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

"आमच्याकडे दरवर्षी एखाददुसरा वायरमन जातो," त्या म्हणाल्या. "रिटर्न सप्लायनं. कुणाचा जनरेटर, कुणाचं असलंच खोकं. ती चौकशी मी लिहिते. ज्या घरातून वीज आली तिथलं कुणी कधी बोलत नाही. वाचलेल्या माणसाची चौकशी पहिल्यांदाच लिहितेय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बसा दोघं. पहिल्यापासून सांगा. सावकाश."

अनुदान रद्द झालं. दंड झाला. जोडणी बारा दिवस तोडली, म्हणून चार आठवड्यांचे पक्षी हलक्या वजनातच व्यापाऱ्याला द्यावे लागले. गाडीत भरताना त्यानं भाव आणखी पाडला आणि शेठनं तोही घेतला. उरलेली वीज कंपनी वर्षभर घेणार नव्हती. पॅनेलं छपरावर राहिली. वायरमनची एक पगारवाढ थांबली. मेमो मागे घेतला, डॉक्टरकडे पाठवलं, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत त्याला ऑफिसातल्या मीटर तपासायच्या खोलीत बसवलं. तिथं जमिनीवर पाय ठेवून काम असतं. गावाला आता सगळं माहीत झालं होतं. शिंपी वायरमनपुढे मान खाली घालायचा, आणि शेठाणी बाजारात दिसली की बायका बोलायच्या थांबायच्या.

जोडणी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकाम्या शेडला चुना मारत होती. फाटकाशी एक बाई उभी राहिली. ठेंगणी, हातात पिशवी. शेठाणीनं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मी वायरमनची बायको."

शेठाणीनं ब्रश खाली ठेवला. हात कशाला पुसावे कळेना. "या ना, आत या."

"नाही. मी आत येत नाही." तिनं फाटकाची कडी धरून ठेवली होती. "ते म्हणतात, जाऊ दे, माफ केलं. मी नाही केलं. ते जळाले असते तर माझ्या दारात आणून ठेवले असते आणि तुम्ही रडायला आला असता. मी माफ करणार नाही, हे तोंडावर सांगायला आले."

शेठाणीनं मान हलवली.

"तीन आठवडे ते खाटेवर उठून बसायचे," बाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "हात घट्ट धरून. मी विचारायचे काय झालं, तर म्हणायचे कंबर. मी कंबरेला तेल चोळत होते. तुम्ही ऑफिसात सांगितलंत त्या दिवशी घरी आले आणि सगळं बोलले. मग झोपले ते सकाळी उन्हं वर आली तरी उठेनात. मी दोनदा नाकापुढे बोट धरून बघितलं."

तिनं कडी सोडली.

"तेही सांगायला आले," ती म्हणाली आणि आल्या वाटेनं चालू लागली.